वादळानंतरची मधली वर्षे: किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीने कमाईचा आराखडा कसा करावा

दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावच्या सरपंचताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर गावात पंचनामे झाले, बहुतेक घरांना भरपाई मिळाली, तरीही नारळ-सुपारीच्या वाड्या, मासेमारी आणि पर्यटकांना खोल्या देण्याचा धंदा या तिन्हींपैकी एकही पूर्वीच्या पातळीवर आलेला नाही. असे संकट पुन्हा आले तर गावाची कमाई सावरण्यासाठी ग्रामपंचायतीने कोणता आराखडा करावा, त्यातले तिच्या हातात किती असते, पैसा कोठून आणावा आणि हे काम एखाद्या सल्लागार संस्थेला द्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पंचायत समिती आणि नियोजन विभागात माझी बरीचशी नोकरी झाली. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सरपंचताई, सरकारी भरपाई गेलेल्या वस्तूची मिळते, गेलेल्या कमाईची मिळत नाही. माड पडला की त्याचे पैसे एकदाच हातात येतात; त्याच्या जागी लावलेला बाणवली माड फळाला यायला मात्र सहा ते आठ वर्षे घेतो. टी बाय डी (उंच आणि ठेंगण्या माडाची) संकरित जात लावली तरी चार-पाच वर्षे जातात, आणि पोफळीलाही, म्हणजे सुपारीच्या झाडालाही, सहा-सात वर्षे लागतात. हापूसचे नवे कलम हिशेबात धरण्याजोगे उत्पन्न त्याच सुमारास देऊ लागते. या मधल्या वर्षांत त्या घराने काय खायचे, मुलाने वाडीतच राहायचे की मुंबईची वाट धरायची, याचा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नसतो. आपल्या गावची कमाई परत आली नाही याचे मोठे कारण हेच आहे, आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्याचा विषयही माझ्या मते हाच असावा. रस्ता, साकव, शाळेचे छप्पर ही कामे इतर खाती उशिरा का होईना करतातच. मधल्या वर्षांचा विचार करणारे खाते कोठेही नाही.

हे आपले काम आहे का, अशी शंका काही सदस्य घेतील, म्हणून कायद्याची बाजू सांगून ठेवतो. आर्थिक विकासाचे आराखडे करण्याचे काम राज्यघटनेच्या २४३ छ या अनुच्छेदात पंचायतींकडे आहे, आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ मध्ये राज्य आणि जिल्ह्याच्या योजनेनुसार बाधित भागात मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून नमूद आहे. तेव्हा ग्रामसभेने असा आराखडा केला तर तो आगाऊपणा ठरत नाही. अडचण अधिकाराची नसून कागदपत्रांची आणि वेळेची असते.

कागदपत्रांपासून सुरुवात करतो, कारण निसर्गच्या वेळी सर्वाधिक पैसा तेथेच अडकला. कोकणातील वाड्यांचे सातबारे बहुधा सामाईक असतात. एका गटावर आजोबांच्या नावाखाली बारा-पंधरा सहहिस्सेदार. त्यांपैकी दोघे गावात, बाकीचे मुंबई, ठाणे, पुणे येथे, काही मयत आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नाही. वाडी शिंपतो, राखतो, पाडेली बोलावून नारळ उतरवतो तो गावातला एक भाऊ. भरपाई द्यायची तर इतरांची संमतीपत्रे हवीत. रक्कम पाच-सात हजारांची, आणि त्यासाठी मुंबईच्या चुलतभावाने रजा टाकून यायचे किंवा स्टॅम्पपेपर पाठवायचा, हे होत नाही. मग ती रक्कम तहसील कार्यालयाच्या खात्यात पडून राहते. घरांच्या बाबतीतही तोच प्रकार होतो: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, घर पणजोबांच्या नावावर आणि बँक खाते नातसुनेचे.

याचा उपाय वादळानंतर करता येत नाही, तो आधीच करावा लागतो. वारस नोंदींचे आणि संमतीपत्रांचे शिबिर तलाठ्यांना बरोबर घेऊन गावात घ्यावे, आणि ते गणपतीत, शिमग्याला किंवा मे महिन्यात घ्यावे, कारण सगळे हिस्सेदार एका अंगणात सापडतात असे दिवस कोकणात एवढेच आहेत. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घेतलेली शिबिरे रिकाम्या खुर्च्यांपुढे होतात. ज्यांच्यात वाद नाही त्यांचे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्यावे. ज्यांच्यात वाद आहे त्यांच्या भानगडीत ग्रामपंचायतीने पडू नये, परंतु प्रत्यक्ष वहिवाट कोणाची आहे याची एक साधी नोंदवही ठेवावी. तिला कायदेशीर मालकीचे वजन नसले तरी पंचनाम्याच्या वेळी ती कामी येते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. केंद्राच्या आपत्ती निकषांत फळबागेची मदत हेक्टरवर ठरते. निसर्गनंतर राज्य सरकारने बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याचे ठरवले, तेव्हा आकडा मोठा वाटला. आता आपल्याकडची दहा गुंठ्यांची वाडी घ्या. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, म्हणजे ५,००० रुपये. त्याच दहा गुंठ्यांत साडेसात मीटरवर सतरा माड आणि मधून-मधून एकशे तीस पोफळी सहज उभ्या असतात. नंतर माडामागे २५० आणि पोफळीमागे ५० रुपये असा झाडनिहाय दर आला. त्या दराने हीच वाडी पूर्ण झोपली असेल तर ४,२५० अधिक ६,५००, एकूण १०,७५० रुपये होतात. रक्कम दोन्ही हिशेबांत अपुरीच आहे, परंतु दुप्पट फरक पडला तो केवळ मोजायचे एकक बदलल्यामुळे. घाटावरच्या सलग बागांसाठी केलेले निकष कोकणातल्या आगरांना बसत नाहीत, हे निवेदनांतून पुन्हा पुन्हा सांगितले गेले तेव्हा कोठे तो बदल झाला. म्हणून प्रत्येक वाडीतील झाडांची मोजणी, वयाच्या तीन गटांत, दर दोन वर्षांनी करून ठेवावी. शाळेतील मुले आणि कृषी सहायक मिळून हे काम उन्हाळ्यात करू शकतात. पडल्यानंतर झाडे मोजणे कठीण असते; निसर्गच्या वेळी एकावर एक पडलेल्या पोफळींचा ढीग मोजताना तलाठ्याचे आणि बागायतदाराचे आकडे जुळत नव्हते, आणि दोघांचाही त्यात दोष नव्हता.

तिसरी गोष्ट अशी की पंचनाम्यात ज्यांचे नावच येत नाही त्यांची यादी ग्रामपंचायतीने वेगळी करावी. माडावर चढणारे पाडेली, सुपारी सोलणाऱ्या बायका, होडीवरचे खलाशी, मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्या, खोल्या झाडणाऱ्या मुली, पर्यटकांना फिरवणारे रिक्षावाले. यांची मालमत्ता गेलेली नसते, म्हणून त्यांचे नुकसान सरकारी दृष्टीने शून्य असते. पण गावच्या किराणा दुकानाची उधारी याच घरांची थकते आणि तेथूनच बाजार आटत जातो. एका वाडीतल्या सतरा माडांवर वर्षभरात किती माणसांची मजुरी निघत होती, हे कोणीतरी लिहून काढल्याशिवाय त्या मजुरीची भरपाई कोणत्या कामातून करायची हे ठरवता येणार नाही.

आता वाडीचा प्रत्यक्ष क्रम. निसर्ग ३ जूनला आले आणि पाठोपाठ पाऊस लागला. लागवडीचा हंगाम तोच असतो, पण पडलेली खोडे वाडीत आडवी असताना खड्डे कोठे मारणार? शिवाय नारळाचे रोप वाफ्यात तयार व्हायला नऊ महिने ते वर्ष लागते, त्यामुळे रोपवाटिकांत ऐनवेळी मागितलेली रोपे मिळत नाहीत आणि मिळाली तर कोठून आणली, कोणत्या जातीची, याचा भरवसा नसतो. अशा वेळी त्याच पावसाळ्यात घाईने लागवड करण्याचा आग्रह धरू नये. पहिला पावसाळा सफाईचा मानावा आणि त्याच महिन्यात पुढच्या वर्षासाठीची रोपे मागणी लिहून, शक्य तर ठरावासह, नोंदवावीत. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळचे भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र आणि श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र या तिन्ही ठिकाणी खात्रीचे बियाणे आणि रोपे मिळतात, पण संपूर्ण किनाऱ्याची मागणी एकाच वर्षी आल्यावर ती त्यांनाही पुरवता येत नाही. त्यामुळे दोन-तीन गावांनी मिळून बचत गटांमार्फत स्वतःची रोपवाटिका काढणे हे पहिल्या वर्षाचे उत्तम काम आहे. त्यात सुपारी सोलणाऱ्या बायकांना रोजगारही मिळतो.

सफाईला मी पहिले स्थान देतो याचे आणखी एक कारण आहे. कुजत पडलेली माडाची खोडे ही गेंड्या भुंग्याची पैदास करण्याची जागा असते, आणि त्याने केलेल्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो. वादळातून वाचलेले माड दीड-दोन वर्षांनी शेंड्यात वाळू लागतात, तेव्हा लोक ते वादळाच्या धक्क्याने गेले असे म्हणतात. प्रत्यक्षात ते शेजारच्या वाडीत न उचललेल्या खोडांमुळे गेलेले असतात. ज्याची वाडी ओसाड आहे आणि मालक मुंबईला आहे, त्याची खोडे कोण उचलणार, हा प्रश्न खाजगी राहत नाही. म्हणून ग्रामसभेने ठराव करून वाडीनिहाय सफाई सामूहिक काम म्हणून घ्यावी, लाकूड कापण्याची यंत्रे ग्रामपंचायतीने विकत घेऊन ठेवावीत किंवा भाड्याने आणावीत, आणि निघालेल्या लाकडाचा व झावळांचा लिलाव करून ती रक्कम त्याच कामात लावावी. निसर्गच्या वेळी यंत्र चालवणारी माणसे मिळेनात आणि त्यांचे दिवसाचे दर तिप्पट झाले होते. गावातील पाच-सहा तरुणांना हे काम आधी शिकवून ठेवायला फारसा खर्च येत नाही.

पोफळीची आणखी एक अडचण लक्षात घ्यावी लागते. माड पडले की सावली जाते आणि वाचलेल्या पोफळींना उन्हाचा चट्टा बसतो. नवी रोपे तर उघड्यावर तग धरत नाहीत. म्हणून आधी केळ लावावी. केळ वर्षाच्या आत-बाहेर पैसे देते आणि तिच्या सावलीत पोफळीची रोपे उभी राहतात. दुसऱ्या वर्षी अननस, उरलेल्या माडांवर आणि पोफळींवर मिरीचे वेल, जे तिसऱ्या वर्षी फळ धरू लागतात, मग दालचिनी आणि सर्वांत शेवटी जायफळ. नारळाच्या बागेत मसाल्याची आंतरपिके घेण्याची ही पद्धत भाट्ये येथे 'लाखी बाग' या नावाने वर्षानुवर्षे दाखवली जात आहे; वादळानंतर तिचा उपयोग वेगळ्या कारणासाठी होतो. एरवी ती वरकड उत्पन्नासाठी असते, येथे ती मधल्या वर्षांची शिदोरी ठरते. ग्रामपंचायतीने काय करावे, तर गावातील प्रत्येक बाधित वाडीसाठी एका पानाचा असा वर्षनिहाय तक्ता करावा: कोणत्या वर्षी कोणत्या पिकातून किती घरांना पैसा येणार आणि कोणत्या वर्षी काहीच येणार नाही. ज्या वर्षात तक्ता कोरा राहील त्या वर्षासाठी मजुरीची कामे राखून ठेवावीत. आराखडा म्हणजे मुळात एवढेच, आणि हे पान कोणत्याही सल्लागारापेक्षा गावातला जाणता बागायतदार चांगले भरतो.

मासेमारीचे घड्याळ वेगळे चालते. यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. म्हणजे जूनच्या सुरुवातीला वादळ आले तर होड्या शाकारलेल्या असतात आणि दुरुस्तीला दोन महिने मिळतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात गेली नाही तर हंगामाचा सर्वांत चांगला काळ हातचा जातो. उलट तौक्ते वादळ मे २०२१ च्या मध्याला, हंगाम चालू असताना आले. केंद्राच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत अंशतः मोडलेल्या होडीला ४,१०० आणि पूर्ण गेलेल्या होडीला ९,६०० रुपये होते. राज्याने पुढे ते वाढवले, तरी लाकडाची, इंजिनाची आणि जाळ्यांची खरी किंमत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रकमेचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको. ग्रामपंचायत होड्या बांधून देऊ शकत नाही. ती मच्छीमार सोसायटीबरोबर बसून कोणत्या होड्या १ ऑगस्टपूर्वी पाण्यात जाऊ शकतात हे ठरवू शकते, सुतार आणि इंजिन मिस्त्री यांच्या पाळ्या लावू शकते आणि जिल्हा बँकेकडे सोसायटीच्या हमीवर अल्प मुदतीच्या कर्जाचा एकत्रित प्रस्ताव नेऊ शकते. दहा जण दहा वेळा बँकेत गेले तर दहा वेळा नकार मिळतो.

याच ठिकाणी विजेचा विषय येतो. चक्रीवादळानंतर वीज कोणाला आधी मिळावी, यावर गावाचे मत कोणी विचारत नाही आणि गावही सांगत नाही. उच्चदाब वाहिन्या, मग गावठाण, शेवटी शेतीपंप, असा क्रम साधारणपणे चालतो. वस्तुतः नळपाणी योजनेचा पंप, बर्फ कारखाना आणि मोबाइलचा टॉवर ही तीन ठिकाणे चालू झाली की गावाची निम्मी कमाई हालचाल करू लागते, कारण बर्फाशिवाय होडी समुद्रात जाऊन उपयोग नाही. अशी अग्रक्रमाची यादी ग्रामसभेच्या ठरावासह महावितरणच्या उपविभागाकडे मे महिन्यातच देऊन ठेवावी. अलिबागला राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पातून भूमिगत वाहिन्या झाल्या. छोट्या गावांना ते परवडणारे नाही, परंतु या तीन ठिकाणांपुरता भूमिगत पल्ला मागणे गैर नाही.

पर्यटनाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते माडापेक्षा लवकर सावरते: रस्ता मोकळा झाला, वीज आली, दिवाळीपर्यंत खोल्यांवर पत्रे बसले की पाहुणे येतात. अडचण अशी की वाढीव घरपट्टी टाळण्यासाठी बहुतेकांनी खोल्यांची नोंद केलेली नसते, त्यामुळे कागदावर गावात पर्यटनाचा धंदाच नसतो, आणि नसलेल्या धंद्याला ना मदत मिळते ना कर्ज. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेत किंवा कृषी पर्यटनात नोंदणी करणाऱ्यांना ग्रामपंचायतीने पहिली काही वर्षे वाढीव आकारणी लावू नये, म्हणजे लोक पुढे येतील.

येथे चिपळूणचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण शहरांतील संकटाची रचना उलटी असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतील मालाचा एका दिवसात चिखल झाला. त्या वर्षी गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे हाताशी ५० दिवस होते, आणि कोकणातल्या कापड, भांडी, किराणा आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांचा वर्षाचा मोठा गल्ला गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात होतो. वाडीला सात वर्षे थांबावे लागते. दुकान मात्र सात आठवड्यांत उघडले नाही तर त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या तालुक्याला जाते आणि परत येईलच असे नाही. म्हणून नगरपरिषदेच्या आराखड्यात एकच तारीख ठळक असायला हवी, आणि गाळ उचलणे, गटारे मोकळी करणे, तात्पुरते गाळे, परवान्यांचे नूतनीकरण ही सगळी कामे त्या तारखेपासून मागे मोजत यावी. राज्याने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५०,००० रुपये, आणि टपरीधारकांना १०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. ज्यांनी दुर्गंधीमुळे माल पंचनाम्याआधीच फेकून दिला आणि फोटोही काढले नाहीत त्यांना ही मदत मिळवतानाही त्रास होतो. अशा वेळी गल्लीनिहाय स्वयंसेवक नेमून, मोबाइलवर फोटो आणि मालाची यादी करून मगच कचरा उचलण्याची शिस्त नगरपरिषदेला लावता येते.

परंतु चिपळूणमध्ये खरा प्रश्न पुढच्या पावसाळ्याचा होता. नदीतला गाळ तसाच असेल, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी वाशिष्ठीतच येत असेल, तर दुकानदार कर्ज काढून पुन्हा तळमजल्यावर माल कशाला भरेल? डिसेंबर २०२१ मध्ये नागरिकांनी केलेले साखळी उपोषण गाळ काढण्यासाठी होते. माझ्या दृष्टीने ती बाजारपेठ पुन्हा उभी करण्याचीच मागणी होती, आणि गाळाचे काम सुरू झाल्यावर व्यापाऱ्यांचा धीर वाढला. पूररेषांचा वादही याच अंगाने पाहावा लागतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जुन्या बाजारपेठेवरून गेल्या तर बांधकामाची परवानगी आणि जागेची किंमत दोन्ही कोसळतात. रेषा पुसून टाकणे हे उत्तर नाही. तळमजला पार्किंगला आणि माल वरच्या मजल्यावर, अशी बांधणी करणाऱ्याला नगरपरिषदेने चटईक्षेत्रात आणि करात काय सवलत द्यायची, यासाठी शासनाकडे आग्रह धरणे हे उत्तर आहे.

आता पैसा. ग्रामपंचायतीचा स्वनिधी या कामाला पुरत नाही, हे आपण जाणताच. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. उरलेल्या ४० टक्क्यांतून रोपवाटिका, कापणीची यंत्रे, झाडमोजणी अशी छोटी कामे होऊ शकत होती, पण बहुतेक गावांत ती पेव्हर ब्लॉकमध्ये गेली. त्याच आयोगाने राज्य आपत्ती निधीची विभागणी करताना ८० टक्के प्रतिसाद निधीच्या आत ३० टक्क्यांचा वाटा पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी, तर वेगळे २० टक्के जोखीम कमी करण्यासाठी सुचवले. याचा व्यवहारातला अर्थ असा की पूर्वी तातडीच्या मदतीपलीकडे खर्चाचे शीर्षकच नव्हते, आता ते आहे. परंतु त्यातून रक्कम मिळवायची तर नुकसानीचे आणि गरजांचे मूल्यांकन कागदावर हवे, आणि ते वर सांगितलेल्या वाडीनिहाय तक्त्यांशिवाय होणार नाही.

लागवडीसाठी रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० पासून कोकणाने चांगली वापरली; आपल्याकडचे आंबा-काजूचे डोंगर बऱ्याच अंशी तिच्यातून उभे राहिले आहेत. तिच्यासाठी जॉबकार्ड लागते आणि कोकणात बाजारातली मजुरी सरकारी दरापेक्षा जास्त असल्याने लोक ते काढून ठेवत नाहीत. वादळानंतर रांग लावण्यापेक्षा आताच काढावे. ज्यांना तिचा लाभ मिळत नाही त्यांच्यासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे आणि तिच्यात कोकणासाठी किमान क्षेत्र दहा गुंठ्यांइतके खाली आणलेले आहे. विम्याबद्दल गैरसमज असू नये: आंबा-काजूचा हवामान आधारित फळपीक विमा त्या हंगामातील फळाचा असतो, झाडाचा नसतो. माडांसाठी नारळ विकास मंडळाची वेगळी विमा योजना आहे, ती किनाऱ्यावर फारशी कोणी घेत नाही. सुपारी संघ आणि सोसायट्यांनी गटाने ती घ्यावी.

मोठी कामे जिल्हा नियोजन समितीतूनच होतील. पंचायती आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करणे हे तिचे घटनादत्त काम आहे. प्रत्यक्षात विभाग आपापल्या योजनांचे आकडे आणतात आणि बेरीज होते. मार्च २०२२ नंतर जिल्हा परिषदांवर दीर्घकाळ प्रशासक राहिल्याने गावांच्या बाजूने बोलणारी माणसेही तेथे कमी होती. पुढील वर्षाच्या प्रारूप आराखड्याची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. म्हणून जूनमध्ये आपत्ती आली तर १५ ऑगस्टची ग्रामसभा वाडीनिहाय तक्त्यांसाठी, २ ऑक्टोबरची ग्रामसभा कामांच्या अग्रक्रमासाठी, आणि नोव्हेंबरअखेर उपअभियंत्यांकडून अंदाजपत्रके, असा क्रम ठेवावा. ठराव क्रमांक, जागेचा सातबारा आणि अंदाजपत्रक ही तीन कागदे जोडलेला प्रस्ताव टेबलावर असला की नावीन्यपूर्ण योजनेच्या शीर्षकातून त्याला जागा करता येते. नुसत्या निवेदनाला 'पाहू' असे उत्तर मिळते.

सल्लागार संस्थेविषयी विचारलेत. पूल, धूपप्रतिबंधक बंधारा, पूररेषेचा अभ्यास यांसाठी तज्ज्ञ लागतातच, आणि ते काम त्या-त्या विभागाने खर्च करून करावे. गावाच्या कमाईच्या आराखड्यासाठी मात्र मी संस्था नेमू नये असे सांगेन. अशा जाडजूड आराखड्यांची पहिली पाने गावचा इतिहास आणि देवळाच्या छायाचित्रांनी भरलेली असतात, शेवटी वॉटर स्पोर्ट्स आणि स्कायवॉक असतो आणि पाडेली, खलाशी किंवा सामाईक सातबारा यांचा उल्लेख कोठेही नसतो. त्या फीच्या रकमेत एक पदवीधर कृषी सेवक दोन वर्षे मानधनावर ठेवता येईल. त्याच्याकडे झाडमोजणी, वाडीनिहाय तक्ते आणि रोपवाटिका एवढीच तीन कामे द्यावीत, शेजारच्या दोन ग्रामपंचायतींनाही त्या खर्चात घ्यावे, आणि येत्या गणपतीतील वारस नोंदीच्या शिबिराची तारीख तलाठ्यांकडून आताच लिहून घ्यावी.